नोझलला दाते पाडले तर जेटचा आवाज खरंच कमी होतो का?

प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्याकडे छोटं टर्बोजेट आहे, एक्झॉस्ट नोझलचा (म्हणजे झोत बाहेर पडतो त्या तोंडाचा) व्यास साधारण ६ सेंटीमीटर, ते बेंचवर बांधून चालवता आणि आवाज सहन होत नाही. बोइंग ७८७ च्या इंजिनाच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते बघितलेत आणि तसेच १२ दाते आपल्या नोझलला कापले तर किती डेसिबल कमी होतील, असं विचारताय. जोडीला असंही विचारलंय की दात्यांऐवजी नोझलचं तोंडच मोठं केलं तर चालेल का.

सरळ उत्तर द्यायचं तर दाते कापून तुमच्या मीटरवरचं रीडिंग बहुतेक एखाद-दीड डेसिबल हलेल, कदाचित वरसुद्धा जाईल. पण असं नुसतं सांगून उपयोग नाही, कारण हेच दाते मोठ्या विमानावर खरोखर काम करतात. मी बरीच वर्षं जेट नॉइजच्या टेस्ट रिगवर आहे आणि हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात येतच असतो. माझ्या मते नोझलच्या आकाराला हात लावायच्या आधी तीन गोष्टी माहीत हव्यात. आवाज कुठल्या फ्रिक्वेन्सीला आहे, कुठल्या दिशेला जातोय, आणि ऐकणारा किती लांब उभा आहे. ही तीन उत्तरं नसतील तर नोझल डिझाइन म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

आधी हे बघू की आवाज येतो कुठून. बऱ्याच जणांना वाटतं तो इंजिनाच्या आत तयार होतो आणि नोझलमधून बाहेर पडतो. आतला आवाज असतोच, पण जी गर्जना आपण जेटची म्हणून ओळखतो ती नोझलच्या बाहेर तयार होते. वेगवान गरम झोत शांत हवेत घुसतो, दोघांच्या सीमेवर भोवरे तयार होतात, ते वाढत जातात, एकमेकांत मिसळतात, फुटतात आणि या सगळ्या उलथापालथीत आवाज निर्माण होतो. नोझलच्या ओठाजवळ भोवरे बारीक असतात म्हणून तिथला आवाज उंच पट्टीतला असतो. चार-सहा व्यास मागे गेलं की झोताचा मधला अखंड गाभा संपतो, तिथे मोठे भोवरे असतात आणि खालच्या पट्टीतली गुरगुर मुख्यतः तिथून निघते. म्हणजे तुमच्या ६ सेंटीमीटरच्या नोझलसाठी सगळ्यात जास्त बोंब मारणारी जागा नोझलपासून २५-३५ सेंटीमीटर मागे मोकळ्या हवेत आहे, जिथे धरायला धातूच नाही. या एका गोष्टीमुळे नोझल डिझाइनच्या हातात काय आहे आणि काय नाही हे जवळजवळ ठरून जातं. नोझल फक्त झोत कसा सुरू होतो ते ठरवू शकतं, पुढचं सगळं हवा ठरवते.

आता वेग. १९५२ मध्ये ब्रिटिश गणितज्ञ जेम्स लाइटहिल यांनी गणितानं दाखवलं की सबसॉनिक, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा हळू, जेटची ध्वनिशक्ती वेगाच्या आठव्या घातानं वाढते. आठवा घात हा फार निर्दय प्रकार आहे बरं का. नोझल तेच ठेवून वेग निम्मा केला तर आवाज २४ डेसिबलनं उतरतो. थ्रस्ट (इंजिनाची ढकल) तेवढाच ठेवायचा म्हणून वेग निम्मा आणि तोंडाचं क्षेत्रफळ चौपट केलं तरीसुद्धा १८ डेसिबल उतरतो. गरम जेटमध्ये घातांक थोडा कमी भरतो आणि झोत बराच सुपरसॉनिक झाला की तो तिसऱ्या घाताकडे सरकतो, पण तुमच्या कामापुरता हा हिशोब पुरेसा आहे. याच हिशोबानं बघा, थ्रस्ट २० टक्के कमी केला की वेग साधारण साडेदहा टक्के उतरतो आणि आवाज जवळपास ४ डेसिबल कमी होतो. फक्त थ्रॉटल मागे घेऊन, एकही दाता न कापता! चांगले शेव्हरॉन, म्हणजे तेच दाते, मोठ्या इंजिनावर एकूण मोजणीत दोन-तीन डेसिबल दिले तरी आम्ही खूष असतो.

विमानं गेल्या साठ-सत्तर वर्षांत शांत झाली त्याचं मोठं श्रेय नोझलच्या आकाराला नाही, बायपास रेशोला आहे, म्हणजे गाभ्याला वळसा घालून जाणारी हवा गाभ्यातून जाणाऱ्या हवेच्या किती पट आहे त्याला. पहिल्या पिढीतल्या टर्बोजेटला बायपास नव्हताच, जेटी८डी इंजिनाचा साधारण १ ते १.७, सीएफएम५६ चा ५-६, आताच्या लीपचा ११ च्या घरात. मोठा पंखा लावून जास्त हवा हळू ढकलायची, बस. तुमच्या इंजिनाला बायपास नाही, त्यामुळे तो रस्ताही बंद आणि गरम-थंड झोत आतल्या आत मिसळणारे लोबवाले मिक्सरही तुमच्या कामाचे नाहीत, त्यावर वेळ घालवत नाही.

मग नोझलचा आकार बदलून नेमकं मिळतं काय? ही कल्पना काही ७८७ ची नाही. १९५० च्या दशकात रोल्स-रॉइसच्या ग्रेटरेक्स यांनी पन्हळी नोझल करून बघितली होती, कडा आत-बाहेर दुमडलेली, फुलासारखी. सुरुवातीच्या बोइंग ७०७ वर तर एका मोठ्या तोंडाऐवजी अनेक छोट्या नळ्यांचा जुडगा असायचा. त्यामागचा विचार दुहेरी होता. एक म्हणजे झोताचा परीघ वाढवायचा, जेणेकरून बाहेरची हवा लवकर आत ओढली जाईल आणि वेग लवकर उतरेल. दुसरं म्हणजे एका मोठ्या झोताचे अनेक बारीक झोत केले की आवाज वरच्या फ्रिक्वेन्सीला सरकतो, आणि वरच्या फ्रिक्वेन्सीचा आवाज हवा पटकन गिळते. १००० हर्ट्झचा आवाज किलोमीटरमागे हवेमुळे साधारण ५ डेसिबल कमी होतो, ८००० हर्ट्झचा मात्र हवामानानुसार ७० ते १२० डेसिबल. त्यामुळे लांब राहणाऱ्या माणसाला खरंच फरक पडायचा. किंमत मोजायची ती थ्रस्टमध्ये आणि वजनात, आणि ती चांगलीच जड होती.

शेव्हरॉन हे त्याच विचाराचं सौम्य आणि शहाणं रूप. दात्याची टोकं झोतात किंचित आत वाकलेली असतात. दोन दात्यांमधल्या खाचेतून झोत थोडा बाहेर ढकलला जातो, टोकापाशी आत दाबला जातो, आणि प्रत्येक दात्यामागे झोताच्या दिशेनं फिरणाऱ्या भोवऱ्यांची एक जोडी तयार होते. या जोड्या बाहेरची हवा आत आणतात, मिसळण लवकर होतं, आणि मागे जे मोठे गुरगुरणारे भोवरे तयार व्हायचे त्यांचा जोर कमी होतो. पण ओठाजवळ तुम्ही मुद्दाम जास्त खळबळ घातलेली असते, त्यामुळे वरच्या फ्रिक्वेन्सीचा आवाज वाढतो. खालचा कमी, वरचा जास्त असा हा सौदा आहे. नासाच्या ग्लेन केंद्रात साध्या गोल जेटवर सहा दात्यांच्या नोझलच्या चाचण्या झाल्या, त्यात दाते एकदा ५ अंश आत वाकवलेले आणि एकदा १८ अंशांच्या आसपास. जास्त वाकवलेल्यात गुरगुर छान कमी होते पण वरची फुसफुस ठळक वाढते, कमी वाकवलेल्यात दोन्ही परिणाम माफक. म्हणजे खरी चावी दाते किती आत शिरतात ही, आणि किती आहेत हे त्यानंतर. लोक मात्र दाते मोजत बसतात.

७८७ वर ते का आहेत याचं अर्धं उत्तर तर विमानाच्या आत आहे. क्रूझमध्ये, म्हणजे उंचावर एकसारखं उडताना, बाहेरचा दाब इतका कमी असतो की पंख्याच्या नोझलमधून येणारा झोत किंचित सुपरसॉनिक होतो, त्यात शॉकच्या (जिथे दाब एकदम उडी मारतो अशा पातळ थरांच्या) पेशींची माळ तयार होते, भोवरे त्या शॉकवरून जाताना वेगळाच आवाज करतात आणि तो मागच्या केबिनच्या भिंतीवर आदळतो. दाते त्या शॉकची घडी विस्कटतात, केबिन शांत होते आणि भिंतीत भरायचं इन्सुलेशन कमी लागतं, म्हणजे वजन वाचतं. २००५ मध्ये बोइंगनं ७७७-३००ईआर वर केलेल्या चाचण्यांत तर आकार बदलणाऱ्या मिश्रधातूचे दातेही उडवून बघितले होते, टेकऑफला आत वाकणारे आणि क्रूझला सरळ होणारे, कारण आत वाकलेला दाता पूर्ण प्रवासभर थोडा थोडा थ्रस्ट खातो. आणि हेही लक्षात घ्या की एअरबसच्या ए३५० वर, ए३२०निओ वर, बोइंग ७७७एक्स च्या जीई९एक्स इंजिनावर दाते नाहीत. ७३७ मॅक्सवर आहेत. बायपास वाढला की जेटचा आवाज मुळातच कमी होतो, मग त्या उरलेल्या आवाजासाठी इंधन जाळायचं का, याचं उत्तर प्रत्येक कंपनी आपापल्या इंजिनाप्रमाणे वेगळं देते. त्यामुळे ‘मोठ्यांनी केलंय म्हणजे चांगलंच असेल’ हा युक्तिवाद मोठ्यांच्यातच टिकत नाही.

तुमच्याकडे शॉकचा फायदा मिळणार का? नोझलच्या आतला एकूण दाब बाहेरच्या दाबाच्या साधारण १.८५ पटीच्या वर गेला तरच गरम झोत चोक होतो, म्हणजे तोंडापाशी आवाजाच्या वेगाला पोचतो. या आकाराच्या बहुतेक टर्बोजेटमध्ये नोझलपाशी दाब तिथपर्यंत पोचत नाही, त्यामुळे शॉक नाहीत, शॉकचा आवाज नाही, आणि ती कर्कश शिट्टी ज्याला स्क्रीच म्हणतात तीही नाही. तुमच्या इंजिनाचा नोझल प्रेशर रेशो माहीत असेल तर एकदा तपासून बघा, पण मला वाटतं हा फायदा तुमच्या यादीतून काढून टाकायचा.

आता फ्रिक्वेन्सीकडे येतो, कारण तुमच्या बाबतीत गोम इथेच आहे. जेटचा आवाज ज्या फ्रिक्वेन्सीला सगळ्यात जास्त असतो ती ढोबळमानानं वेग भागिले व्यास, गुणिले ०.२ अशी काढता येते. मोठ्या विमानाचा झोत ३०० मीटर प्रति सेकंद आणि व्यास १ मीटर धरला तर ६० हर्ट्झ येतात. म्हणजे शिखर अगदी खाली गुरगुरीत, तिथून आवाज उचलून वर ढकलला तरी त्याला भरपूर जागा आहे. तुमचा झोत ४५० मीटर प्रति सेकंद धरा, व्यास ०.०६ मीटर, शिखर आलं १५०० हर्ट्झला. माणसाचा कान २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो. म्हणजे दाते लावून तुम्ही आवाज १५०० च्या आसपासून उचलून नेमका तिथे नेऊन ठेवणार जिथे तो कानाला जास्त बोचतो. मीटर ए-वेटिंगवर (म्हणजे माणसाच्या कानाप्रमाणे फ्रिक्वेन्सींना कमी-जास्त महत्त्व देणाऱ्या मोजणीवर) असेल तर तोही हेच सांगेल. एका ग्राहकानं आमच्याकडे असंच खोल दात्यांचं छोटं नोझल पाठवलं होतं, वेटिंग न लावता मोजलं तर सुंदर निकाल आणि ए-वेटिंग लावलं की जवळजवळ शून्य. नोझलनं आपलं काम चोख केलं होतं, फक्त ते काम त्या ग्राहकाला नको होतं.

मात्र इथेच ‘ऐकणारा कुठे आहे’ हा प्रश्न येतो. त्रास तुम्हाला स्वतःला होतोय की पाचशे मीटरवरच्या लोकांना? लांबच्यांना होत असेल तर आवाज वर सरकवणं खरंच फायद्याचं ठरू शकतं, हवा बाकीचं काम करते. बेंचपासून दहा मीटरवर उभं राहणाऱ्याला हवेच्या शोषणाचा उपयोग शून्य. तुमच्या प्रश्नात हे स्पष्ट नाही, पण वाचून वाटतं की त्रास बेंचजवळच्यांनाच आहे.

दिशेचंही तसंच. जेटचा आवाज सगळीकडे सारखा पसरत नाही, मागच्या बाजूला झोताच्या रेषेपासून साधारण ३० ते ४५ अंशांवर तो सगळ्यात जास्त असतो. बेंच नुसता फिरवून तो कोन लोकांपासून दुसरीकडे नेला तरी जाणवेल इतका फरक पडतो, आणि हा फुकट उपाय असूनही कोणी करत नाही, का कोण जाणे.

शिवाय पुढच्या बाजूनं कॉम्प्रेसर (आत येणारी हवा दाबणारं चाक) ओरडत असतो तो वेगळाच. एक लाख आरपीएम आणि सहा मुख्य पाती धरली तर त्याचा सूर १०,००० हर्ट्झला येतो, नोझलशी त्याचा काही संबंध नाही. समजा तुमच्या उभं राहायच्या जागेवर जेटचा आवाज १०० डेसिबल आणि कॉम्प्रेसरचाही १०० आहे, एकूण १०३. जेट ३ डेसिबलनं कमी केलं तर एकूण फक्त १०१.८ होतो. म्हणजे महिनाभराच्या मेहनतीचं फळ सव्वा डेसिबल, जे कानाला कळणारही नाही. म्हणून आधी फोनवरच्या साध्या स्पेक्ट्रम ॲपनं का होईना, वाटणी बघा. फोनचा माइक एवढा मोठा आवाज नीट पकडू शकत नाही म्हणून लांबून घ्या, आकडा चुकीचा असेल पण रांगेत कोण पुढे आहे एवढं कळतं.

तोंड मोठं करायचा तुमचा दुसरा विचार तत्त्वतः दात्यांपेक्षा चांगला आहे कारण तो थेट वेगाला हात घालतो. अडचण अशी की टर्बोजेटमध्ये नोझलचं क्षेत्रफळ हा इंजिनाचाच एक भाग आहे. तोंड मोठं केलं की टर्बाइनच्या मागचा दाब उतरतो, त्याच आरपीएमला एक्झॉस्ट तापमान कमी होतं, कॉम्प्रेसर सर्जपासून (हवेचा प्रवाह कोलमडून उलटा फिरण्यापासून) लांब जातो, आणि थ्रस्ट पडतो. म्हणजे इंजिनाला धोका फारसा नाही, पण तुम्ही आवाज कमी केला की थ्रस्ट कमी केला हे वेगळं काढणं अवघड. उलट बाजू जास्त धोक्याची आहे आणि दात्यांमध्ये नेमकी तीच होते. टोकं आत वाकवली की प्रभावी क्षेत्रफळ कमी होतं, तापमान चढतं, सर्ज जवळ येतो. नोझलच्या मूळ शंकूवर सरळ दाते कापून वाकवणाऱ्यांचं इंजिन स्टार्टलाच गरम चालायला लागतं ते यामुळे.

आता मी तुमच्या जागी काय केलं असतं? इंजिन उडत नाहीये, बेंचवर बांधलेलं आहे, ही तुमची सगळ्यात मोठी सोय आहे आणि तुम्ही ती वापरतच नाही आहात. विमानावर आम्हाला एक-एक ग्रॅम मोजावा लागतो, तुम्हाला नाही. नोझलच्या मागे काही अंतर सोडून मोठ्या व्यासाची डिट्यूनर नळी बसवा. झोत नळीत जाताना आजूबाजूची थंड हवा ओढतो, नळीतच मिसळतो, बाहेर पडेपर्यंत वेग आणि तापमान दोन्ही बरंच उतरलेलं असतं. शिवाय जी मोकळ्या हवेतली बोंब मारणारी जागा म्हणालो ती आता नळीच्या आत आली, म्हणजे तिच्याभोवती भोकं पाडलेला पत्रा आणि त्यामागे उष्णता सोसणारी बेसाल्ट वूल भरता येते. मोठ्या इंजिनांच्या टेस्ट सेलमध्ये हेच करतात. नळी नोझलच्या फार जवळ आणू नका, नोझलपाशी दाब बदलला की इंजिनाची सेटिंग हलते. आणि बंद खोलीत असाल तर आत येणाऱ्या हवेचा रस्ता मोठा ठेवा, नाहीतर खोलीतला दाब उतरतो आणि गरम वायू फिरून इनटेकमध्ये येतो. अशा नळ्यांची एक खोड आहे, लांबीनुसार एखादा खालचा सूर घुमायला लागतो, तसं झालं तर लांबी बदलून बघा किंवा मागचं टोक भोकं पाडलेल्या टोपलीत सोडा.

यातून किती मिळेल हे नळीचा व्यास, लांबी आणि लायनिंग यावर फार अवलंबून आहे म्हणून आकडा देत नाही. पण इथे आपण जेटचा वेग आणि आवाजाची वाट दोन्हींवर काम करतोय, त्यामुळे दात्यांशी त्याची बरोबरीच नाही. कॉम्प्रेसरच्या सुरासाठी पुढच्या बाजूला लायनिंग केलेला वळणाचा इनटेक वेगळा करावा लागेल.

एवढं सांगूनही दाते करून बघायचेच असतील, आणि मला माहितीये की तुम्ही बघणारच, तर मूळ नोझल कापू नका. त्यावर बसणारी वेगळी रिंग करा, सहा दाते पुरेत, टोकं ५ अंशांच्या आसपास आत, त्याहून जास्त नको. दोन दात्यांमधली खाच टोकदार ठेवू नका, गोल त्रिज्या द्या, गरम पत्र्याला टोकदार खाचेतूनच तडा जातो आणि तुटलेला दाता झोताबरोबर गोळीसारखा सुटतो. मोजताना तुलना सारख्या थ्रस्टवर करा, सारख्या आरपीएमवर नाही, नाहीतर थ्रस्ट पडल्याचं श्रेय दात्यांना द्याल. माइक एका जागी न ठेवता निदान ३०, ६० आणि ९० अंशांवर घ्या, ए-वेटिंग आणि वेटिंगशिवाय दोन्ही नोंदवा. साधं नोझल आधी मोजा, मग दात्यांचं, मग परत साधं, कारण वारा आणि तापमान बदललं तर दोन साध्या रीडिंगमध्येच एक डेसिबलचा फरक निघतो आणि मग मधल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. कानात प्लग आणि त्यावर इअरमफ, दोन्ही. एक्झॉस्ट तापमान मूळपेक्षा चढलेलं दिसलं की रन तिथेच थांबवा, रिंग काढा आणि टोकं थोडी बाहेर घेऊन मगच परत लावा.